आतड्यातला राखणदार आणि आपली लाज



वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असते. वाचन संपले की चहा होतो आणि चहाबरोबर घरोघरची सुखदुःखेही निघतात. अशाच एका रविवारी मंडळी पांगल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांचे पती दीड वर्षापूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. वय अवघे ४४. पदरी दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी.

ताई म्हणाल्या, "दादा, ह्यांना दारू नव्हती, विडी नव्हती. मग हा रोग ह्यांनाच का झाला? सासूबाई म्हणतात, कुणीतरी करणी केली. शेजारीण म्हणते, मागच्या जन्माचं फेडलं. तुम्ही पेपरात लिहिता, तुम्ही तरी सांगा."

मी कारकून माणूस, डॉक्टर नाही. त्यांना त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन-तीनदा जाऊन बसलो, ते जे सांगतील ते वहीत उतरवून घेतले, पुन्हा पुन्हा विचारले. जे समजले ते ताईंना सांगितले, आणि तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न एका ताईंचा नाही.

आतड्याचे अस्तर

आपले मोठे आतडे सुमारे ५ फूट लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरात डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी थोड्या 'मूळ पेशी' असतात. त्या फुटून नव्या पेशी तयार होतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, वर आल्यावर फुटणे थांबवतात, आपले नेमून दिलेले काम करतात आणि चार-पाच दिवसांत गळून शौचाबरोबर निघून जातात. म्हणजे आपल्या आतड्याचे अस्तर दर आठवड्याला जवळजवळ नवे होते. अनित्य म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. ते आपल्या पोटातच चालू आहे.

ही ये-जा शिस्तीत चालते, तोवर काही बिघडत नाही. कधी फुटायचे आणि कधी थांबायचे, ही शिस्त पेशीला कोण लावते? प्रथिने लावतात. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, मटण आठवते. पण पेशीच्या आत हजारो तऱ्हेची प्रथिने असतात आणि तीच तिथली कामगार मंडळी. कोणी बांधणारा, कोणी वाहून नेणारा, कोणी निरोप पोचवणारा, तर कोणी राखण करणारा. हे प्रथिन कसे बनवायचे, याची लेखी आज्ञा म्हणजे जनुक. आज्ञेत चूक झाली की कामगार चुकीचा बनतो, अर्धवट बनतो किंवा बनतच नाही.

कचेरीतला कारकून आणि कागदांचा ढीग

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्वांत आधी बहुधा जो राखणदार पडतो, त्याचे नाव ए.पी.सी. हे बरेच लांबलचक प्रथिन आहे. २८४३ दुवे एकापुढे एक जोडून ते बनते. त्याचे मुख्य काम दुसऱ्या एका प्रथिनावर लक्ष ठेवणे. त्या दुसऱ्याचे नाव बीटा-कॅटेनिन.

बीटा-कॅटेनिन वाईट नाही. पेशीच्या कडेला राहून एका पेशीला शेजारच्या पेशीशी सांधून ठेवण्याचे चांगले काम ते करते. पण त्याचे आणखी एक काम आहे. ते पेशीच्या केंद्रकात शिरले, तर "फुटा, वाढा" असा हुकूम सुटतो. खड्ड्याच्या तळाशी असा हुकूम लागतोच, नाहीतर अस्तर नवे कसे होणार? पण वर सरकलेल्या पेशीला तो हुकूम नको असतो. म्हणून ए.पी.सी. आणि त्याचे दोन-तीन सोबती मिळून जास्तीचे बीटा-कॅटेनिन पकडतात, त्यावर खूण करतात आणि ते मोडीत काढायला पाठवतात.

माझ्या भाषेत सांगतो. कचेरीत रोज "वाढवा" असे लिहिलेल्या चिठ्ठ्या येत आहेत असे समजा. त्यांतल्या नको त्या चिठ्ठ्यांवर 'रद्द' शिक्का मारून टोपलीत टाकणे हे एका कारकुनाचे काम. तो कारकून जागेवर आहे, तोवर साहेबांच्या टेबलावर हव्या तेवढ्याच चिठ्ठ्या पोचतात. एके दिवशी त्या कारकुनाचा हातच गेला. तो खुर्चीत आहे, हजेरीपटावर त्याचे नाव आहे, पण शिक्का मारता येत नाही. चिठ्ठ्यांचा ढीग साचतो, तो थेट साहेबांपुढे जातो आणि साहेब सही करीत सुटतात.

पेशीत नेमके असेच होते. ए.पी.सी.च्या जनुकात एखाद्या अक्षराची चूक होते आणि वाक्य मध्येच संपते. मग प्रथिन अर्ध्यावर तुटलेले बनते. बीटा-कॅटेनिनला मोडीत काढणारा भाग त्यात धड राहत नाही. बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि वाढीचे हुकूम देणारी इतर जनुके चालू करते. ती पेशी वर सरकली तरी आपण तळाशीच आहोत असे समजून फुटत राहते. गळून जायचे विसरते. तिथे अस्तरावर एक बारीक कोंब उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात.

निसर्गाने प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती दिल्या आहेत. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम रेटून नेते. दोन्ही बिघडल्या, तर मात्र राखण उठते.

हे कसे समजले?

हे समजले ते काही कुटुंबांच्या दुःखातून. या कुटुंबांत ऐन तारुण्यात आतड्यात शेकडो, कधी हजारो कोंब येत. वेळीच आतडे काढले नाही, तर चाळिशीच्या आसपास जवळजवळ प्रत्येकाला कॅन्सर होई. बापाला झाला, मुलाला झाला, मुलाच्या मुलाला झाला. १९८६ साली अमेरिकेत अशा एका रुग्णाच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडाच गहाळ असल्याचे दिसले. १९८७ साली अशी अनेक कुटुंबे तपासून दोष पाचव्या गुणसूत्रावरच असल्याचे पक्के झाले. १९९१ साली ते जनुक हाती लागले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किन्झलर, त्यांच्याबरोबर टोकियोचे युसुके नाकामुरा, आणि दुसरीकडे युटा विद्यापीठातले रे व्हाइट, अशा दोन गटांनी ते शोधले.

पुढच्याच वर्षी, १९९२ साली, आणखी एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. ज्यांच्या घराण्यात हा रोग नाही, अशा माणसांच्या अगदी लहान कोंबांतही ए.पी.सी. बिघडलेले होते. म्हणजे हा बिघाड शेवटचा नव्हे, पहिला. पुढे १९९३ मध्ये ए.पी.सी. आणि बीटा-कॅटेनिन यांची गाठ कळली. मोठ्या आतड्याच्या दर १० कॅन्सरपैकी सुमारे ८ कॅन्सरांत ए.पी.सी. बिघडलेले सापडते, असे आज आपल्याला माहीत आहे.

पण एका बिघाडाने कॅन्सर होत नाही. पुढे के-रास नावाच्या प्रथिनाचे बटण चालूच अडकते. मग पी-५३ नावाचे प्रथिन, जे बिघडलेल्या पेशीला थांबवते किंवा मरायला लावते, तेही कामातून जाते. एकेक पायरी चढत कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षे किंवा अधिक काळ लागतो. बहुतेक कोंब त्या वाटेला जातही नाहीत.

बंधू-भगिनींनो, या '१० वर्षे' शब्दांकडे नीट पाहा. हा रोग रात्रीतून येत नाही. तो आपल्याला दहा वर्षांची मुदत देतो. या मुदतीत दुर्बिणीने कोंब शोधून काढून टाकला, तर कॅन्सर होण्याआधीच टळतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या ४६ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी केलेल्या लोकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. कोंबातून अधूनमधून थोडे रक्त झिरपते, ते डोळ्यांना दिसत नाही. आजची नवी तपासणी त्या रक्तातले माणसाचेच ग्लोबिन नावाचे प्रथिन ओळखते. एका प्रथिनाने दगा दिला, तर दुसरे प्रथिन चहाडी करते!

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर

आता "ह्यांनाच का?" याकडे येतो. विडी-सिगारेट, दारू, अंगावरची जास्तीची चरबी, बैठे जीवन, सॉसेज-सलामीसारखे टिकवलेले मांस आणि तांबड्या मांसाचा अतिरेक यांनी धोका वाढतो. जोंदळ्या-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतल्या चोथ्याने तो कमी होतो. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते आतड्यालाही लागू आहे, एवढे ध्यानात असू द्या. परंतु निर्व्यसनी माणसालाही हा रोग होतो. रोज कोट्यवधी पेशी फुटत असतात, प्रत्येक वेळी आज्ञेची नक्कल होते, आणि नकलेत चुका होतातच. नक्कल उतरवताना माझ्याही चुका होतात. त्यात पाप-पुण्य काही नसते.

नकलेतल्या चुका दुरुस्त करायलाही पेशीत तपासनीस प्रथिने असतात. काही घराण्यांत या तपासनिसांपैकी एकाचा दोष जन्मतःच येतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा माणसांत चुका भराभर साठतात, दहा वर्षांची मुदत आखडते आणि कॅन्सर लवकर, पुष्कळदा पन्नाशीच्या आत गाठतो. बायकांत गर्भाशयाचा कॅन्सरही याच दोषाने होऊ शकतो. असा वारसा शंभरातल्या मोजक्याच रुग्णांत असतो. पण ज्या घरात असतो, त्या घरातल्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

मी ताईंना विचारले, "ह्यांच्या घरात आधी कुणाला असं काही झालं होतं?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सासरे पोटाच्या दुखण्यानंच गेले. पन्नाशीपण गाठली नाही. धाकट्या नणंदेची पिशवी काढली, तिथंही गाठ होती म्हणतात."

हे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, की ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा रुग्णालये मेणात घालून जपून ठेवतात. माणूस गेल्यावरही त्या तुकड्यावर चार तपासनीस प्रथिने आहेत की नाहीत, ते पाहता येते. एखादे गायब असेल, तर पुढे रक्ताची तपासणी करून मुलांचे काय ते समजते. ज्या मुलांत दोष निघेल, त्यांनी विशी-पंचविशीपासूनच ठराविक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. ज्यांच्यात नाही, त्यांची त्या काळजीतून सुटका.

म्हणून करणी आणि गतजन्म यांवर विसंबून राहण्यात नुसते अज्ञान नाही, धोका आहे. करणी म्हटली की आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आणि मुलांची तपासणी राहून जाते. शिवाय कुणावर करणीचा आळ घेणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गतजन्मीच्या कर्मावरून या जन्मीचे दुःख ठरते, ही शिकवण बुद्धाची नव्हे, असे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ठामपणे मांडले आहे. कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण दूर केले तर परिणाम टळतो. हाच आपला धम्म आणि हेच विज्ञान.

लाज कुणाची?

एक गोष्ट ताईंनी शेवटी सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज फुटेना. पतीला संडासवाटे रक्त पडत होते, ते आठ महिने. त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मूळव्याध म्हणून कुठल्याशा पुड्या खात राहिले. "दादा, ते स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले होते. मला वाटलं, मला मदत करतायत. मी बायांमध्ये कौतुकानं सांगायचे."

मी काय बोलणार? मला विनयपिटकातली एक कथा आठवली, तीच त्यांना सांगितली. एका भिक्खूला पोटाचे दुखणे होऊन तो आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन तिथे गेले. पाणी आणवले, भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून समजावले, की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा करायची. जगाला दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्याला आतड्याच्या दुखण्याची किळस वाटली नाही. मग आपल्याला आपल्याच माणसापाशी लाज का वाटावी? दुसऱ्यांची घाण ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारली गेली, त्या समाजाने तरी आजाराला घाण म्हणू नये.

काय करावे?

संडासवाटे रक्त पडणे, शौचाची नेहमीची सवय बदलून ती काही आठवडे तशीच राहणे, पोट साफ न झाल्यासारखे सतत वाटणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्त कमी होऊन थकवा येणे, पोटात वारंवार कळ येणे. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, घाबरू नका. पण मूळव्याध आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगावे, आपणच ठरवू नये. पुरुषाचे रक्त कमी झाले, तर नुसत्या टॉनिकवर भागवू नका, रक्त कुठे जाते ते शोधायला सांगा. बायांचा थकवा तर घरात कुणी मोजतच नाही. माता-भगिनींनीही तो अंगावर काढू नये.

आपल्या देशात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण तो तरुण वयात दिसतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते आणि सर्वांत जास्त गाठी गुदाशयात होत्या. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी डॉक्टरांच्या बोटाच्या साध्या तपासणीत हाताला लागतात. तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. डॉक्टर तपासतो म्हणाले, तर नको म्हणू नका. आणि रक्त पडते सांगूनही त्यांनी न तपासताच गोळ्या लिहून दिल्या, तर "साहेब, एकदा तपासा" असे नम्रपणे म्हणा.

सरकारच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर येतात. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. म्हणून इथे आपली राखण आपणच करायची आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर स्वतःला त्रास नसला तरी चाळिशीला, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांत जे लवकर असेल तेव्हा डॉक्टरांना भेटा. घरात कुणाला कोणत्या वयात काय झाले, हे एका वहीत लिहून ठेवा आणि जाताना ती वही बरोबर न्या. कॅन्सर निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

ताईंचा थोरला मुलगा परवा वडिलांचे जुने कागद घेऊन रुग्णालयात जाऊन आला. मेणातला तुकडा सापडला असून तो तपासायला गेला आहे. लेकीच्या सासरीही ताईंनी स्वतः जाऊन सगळे स्पष्ट सांगितले. धाकटा मात्र अजून ऐकत नाही. "मला काय झालंय?" म्हणतो. त्याचे वय १९. येत्या रविवारी त्याला विहारात बोलावले आहे. रागावणार नाही, शेजारी बसवून चहा पाजणार आहे आणि वडील आपले कपडे का धुवत होते, ते त्याला सांगणार आहे.

आपल्यापैकी कुणी असेच काही मनात दाबून बसले असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या एका तरी माणसाजवळ बोला. बोलायला घरात कुणी नसेल, तर आपल्या वस्तीतल्या विहारात या. दवाखान्यात सोबत येणारा कुणीतरी तिथे नक्की भेटेल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.